कॉर्न स्नेकची जोडी दोन वर्षं एकाच टँकमध्ये आहे, तरी मीलन होत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की शेतात धामणी नाचतात तसं हे दोघं कधी करत नाहीत. अहो, नाचणारी ती जोडी नर-मादी नसतेच, दोन नर असतात आणि एकमेकाला खाली दाबायची झुंज चाललेली असते, आमच्या कुडाळकडे अजून लोक त्यांच्यावर कापड टाकायला धावतात. तेव्हा नाचाची वाट बघू नका. आणि तुमचे खरंच नर-मादी आहेत हे जाणकाराकडून तपासून घेतलंय का? माझे पहिले दोन्ही नर निघाले, दीड वर्षं फुकट गेलं.

खरंच नर-मादी असतील तर माझ्या मते अडचण आपल्या हवेची आहे. हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला, तिथं त्याला हिवाळा मिळतो. आपल्याकडे जानेवारीत रात्री १८-२० आणि दुपारी परत ३२, त्याला थंडी कळतच नाही. काही जोड्या थंडीशिवायही लागतात, पण तुमची दोन वर्षांत लागली नाही ना, मग थंडी देऊन बघा.

आधी दोघांना वेगळं करा, एकत्र ठेवायचा हा प्राणीच नाही. मादी तीन वर्षांची आणि ३०० ग्रॅमच्या वर नसेल तर यंदा नकोच, अंडी अडकून जीव जातो. मी कोल्ड्रिंकचा जुना फ्रिज घेऊन त्याला वेगळा थर्मोस्टॅट लावला, डिसेंबर ते फेब्रुवारी १२-१३ डिग्री, अंधार, फक्त पाणी, आणि दिवसाआड दार उघडून हवा. पण त्याआधी दोन-तीन आठवडे उंदीर बंद आणि टँक गरमच ठेवायचा, पोटात काही राहिलं तर ते थंडीत पचत नाही, सडतं आणि साप दगावतो. मग रोज एक-दोन डिग्री करत उतरवा, वर आणतानाही तसंच.

बाहेर आले की भरपूर खायला द्या. मादीने कात टाकली की त्याच संध्याकाळी तिला नराच्या टँकमध्ये सोडा. नर झटके देत तिच्या पाठीवरून हनुवटी घासत पुढे सरकतो, मग शेपटीला शेपटी गुंडाळतो, तेव्हा अजिबात हात लावू नका, जीव कितीही वर-खाली झाला तरी. दोन-तीन दिवसांनी परत सोडा.

महिनाभराने मादी पुन्हा कात टाकेल. तेव्हा लगेच नारळाच्या सोडणाचा भुसा भिजवून, घट्ट पिळून डब्यात घालून ठेवा, साधारण दहा दिवसांत अंडी येतात. उचलायच्या आधी प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि ती बाजू वरच राहू द्या.