तक्त्यात नसलेला रकाना

प्रिय बाळ,

शनिवारी राजारामपुरीत माझ्याकडे येऊन तू क्लिनिकल सायकॉलॉजीच्या नऊ कॉलेजांचा तक्ता टेबलावर पसरलास, तेव्हा मी फारसं बोलले नाही. तुझे रकाने वाचत होते. फी, होस्टेल, नॅकची श्रेणी, कोल्हापूरहून किती तास. पहिला पेशंट समोर येईल तेव्हा तुझं काम तपासायला तुझ्या मागे कोण बसणार, हा रकाना कुठेच नव्हता.

आधी कायद्याचं उरकते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलेलं आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं शिक्षण हवं. मान्यता नसेल तर एम.ए.च्या नावात 'क्लिनिकल' असून उपयोग नाही. तुझी चार नावं इथेच गळली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवल्यापासून अभ्यासक्रमांची नावं बदलताहेत, म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नकोस. प्रवेश घेशील त्या वर्षीची परिषदेची यादी बघ.

उरली पाच. त्यांना एकच प्रश्न. मागे कोण बसणार?

मी एम.ए. होताच दोन खोल्या भाड्याने घेऊन पाटी लावली होती. शिरोळकडची एक बाई यायची. थकवा, रडू, कशात मन नाही, वजन वाढलेलं. मला नैराश्य दिसलं, कारण मला तेवढंच दिसत होतं. चार महिने मी तिच्याशी तिच्या सासूबद्दल बोलत राहिले. 'अगं, थायरॉईड तपासलं का?' असं विचारणारं माझ्या मागे कुणी नव्हतं. शेवटी ते गावातल्या डॉक्टरांनी तपासलं. गोळ्या सुरू झाल्या, बाई माणसात आली आणि पेढे घेऊन मला भेटायला आली. ते पेढे माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

एकतिसाव्या वर्षी, लेक चार वर्षांची असताना, मी क्लिनिकलचं शिक्षण घ्यायला रांचीला गेले. पोर टाकून गेली, असं लोक म्हणाले. टाकून गेले नव्हते. घरात सासूबाई होत्या, आणि तेव्हा गेले नसते तर आणखी किती बायकांचे महिने वाया घालवले असते कुणास ठाऊक. तिथे माझी पहिली केस हिस्टरी सरांनी पाच वेळा परत केली. झोप नाही म्हणजे काय? रात्री डोळा लागत नाही, की पहाटे तीनला जाग येते? विचारलं का? नव्हतं विचारलं. काळजीतली तळमळ आणि नैराश्यातली पहाटेची जाग यांतला फरक मी पुस्तकात वाचला होता. पेशंटला तो विचारायचा असतो, हे पाचव्या वेळी कळलं.

म्हणून प्रत्येक ठिकाणची दुसऱ्या वर्षाची मुलगी गाठ. विभागप्रमुख नको, मुलगीच. तिला विचार, आठवड्यातून किती तास सुपरव्हायझर तुझ्या केसवर बोलतात? वॉर्डात पेशंट बघतेस की फक्त ओपीडीत? रोर्शाक, म्हणजे शाईच्या डागांची चाचणी, स्वतः किती जणांची केलीस? रिपोर्ट जाण्याआधी कुणी वाचतं का? ती अडखळली तर ते नाव खोड, इमारत कितीही चकचकीत असू दे. मेस वाईट असेल, गाव आडबाजूला असेल, चालेल. मागे कुणी बसत असेल तर सगळं चालेल.

कोल्हापूर सोडवत नाही म्हणालीस. रंकाळ्यावरची संध्याकाळ मलाही तिकडे छळायची. पण मी परत आलेच ना? २०१९ च्या पुरानंतर शिरोळ तालुक्यात बसले, तेव्हा पाऊस वाजला की छातीत धडधडतं म्हणणाऱ्या कितीतरी बायका समोर होत्या. कुणाचं नुसतं ऐकून घ्यायचं आणि कुणाला त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पाठवायचं, हे मला ठरवता आलं. पाटीवाल्या त्या मुलीला ते जमलं नसतं.

फीचं मी तुझ्या बाबांशी बोलते. काही सरकारी संस्थांत विद्यावेतनही मिळतं, हे त्यांना माहीत नसावं. रविवारी त्यांना घेऊन ये. पण त्याआधी त्या पाच मुलींना फोन झालेले हवेत.

तुझी,
मॅडम