ट्रान्सफॉर्मरचं ऑइल उतरवण्याआधी अकूस्टिकचे वेव्हफॉर्म मागवा

तुमची तक्रार अशी: ट्रान्सफॉर्मरच्या ऑइलमध्ये हायड्रोजन चढतोय, अॅसिटिलीन नाही, अकूस्टिकच्या (आवाजावरून दोष शोधायच्या चाचणीच्या) रिपोर्टात पीडीची, म्हणजे इन्सुलेशनमधल्या पार्शल डिस्चार्जची, जागा सेंटिमीटरपर्यंत दिलेली, आणि ऑइल उतरवून आत उतरलात तर तिथे काहीच नाही. हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे, म्हणून डीजीएच्या (ऑइलमध्ये विरघळलेल्या वायूंच्या तपासणीच्या) प्राथमिक गोष्टी सोडून देतो.

चूक बहुधा पहिल्या लाटेत आहे. पीडीचा आवाज सेन्सरपर्यंत दोन वाटांनी येतो. एक ऑइलमधून थेट, सेकंदाला साधारण १४०० मीटर. दुसरी ऑइलमधून टँकच्या भिंतीपर्यंत आणि पुढे पत्र्यातून, तिथे वेग ३२०० किंवा त्याहून जास्त. समजा पीडी भिंतीपासून ६० सेंमी आत आहे आणि सेन्सर बरोबर समोर नसून १.५ मीटर बाजूला लावलाय. खरं अंतर १.६ मीटर, ऑइलमधून यायला १.१५ मिलिसेकंद लागतात. पत्र्याची वाट लांबची, तरी ०.८५ मध्येच पोचते. सॉफ्टवेअर त्यालाच १४०० ने गुणतं आणि अंतर दाखवतं १.२ मीटर. एका सेन्सरवर ४० सेंमीची चूक! चारही सेन्सर कमीजास्त चुकले की बिंदू भलतीकडेच जातो.

वेव्हफॉर्म, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलचा आलेख, पाहिला तर हे डोळ्यांना दिसतं. आधी बारीक, हळूहळू फुगत जाणारी थरथर असते, ती पत्र्याची. मागून एकदम उभी चढणारी मोठी लाट येते, ती ऑइलची. मोजायची ती हीच. आम्हाला रिपोर्ट देणाऱ्या संस्थेने वेव्हफॉर्म शेवटपर्यंत दिलेच नाहीत, हातात आले ते फक्त जागेचे तीन आकडे. त्यापायी एक अख्खा शटडाउन गेला, ऑइलचं डीगॅसिंग (त्यातले वायू काढणं) पुन्हा करावं लागलं, आणि त्याचा राग अजून आहे. माझं स्पष्ट मत: वेव्हफॉर्म आणि मोजतानाचं ऑइलचं तापमान नसेल तर रिपोर्ट परत पाठवा. ८० अंशांना ऑइलमधला वेग १२०० च्या आसपास उतरतो.

पुन्हा मोजाल तेव्हा ट्रिगर, म्हणजे वेळ मोजायची सुरुवात, यूएचएफ प्रोबवरून (पीडीच्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या अँटेनावरून) घ्या. सेन्सर १५-२० सेंमीने सरकवत राहा. तो पीडीच्या समोर आला की दोन लाटांमधली फट मिटते. आतून मॅग्नेटिक शंट (चुंबकीय फ्लक्ससाठी लावलेल्या पोलादी पट्ट्या) असलेली भिंत टाळा, तिथे सिग्नल मरतो. तुमचं ड्रॉइंग मी पाहिलेलं नाही, त्यामुळे शंट कुठे आहेत ते उत्पादकाला विचारा. आणि नुसत्या हायड्रोजनवर जाऊ नका, स्ट्रे गॅसिंगनेही (दोष नसताना ऑइलमधूनच वायू सुटण्यानेही) तो वाढतो. पीडीचे पल्स व्होल्टेजच्या फेजशी बांधलेले, म्हणजे प्रत्येक सायकलमध्ये ठरावीक जागीच येणारे, दिसत नाहीत तोवर मी टँक उघडणार नाही.

जाता जाता: ड्रेन व्हॉल्व्हमधून यूएचएफ प्रोब घालताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याआधी नळीतली हवा ब्लीड करा, म्हणजे बाहेर काढा, नाहीतर बुडबुडे थेट टँकमध्ये जातात. प्रोब किती आत न्यायचा तेही उत्पादकाकडूनच घ्या. पल्स मोजायला बुशिंग टॅप (बुशिंगवरचं चाचणीचं टर्मिनल) वापरणार असाल तर त्याला हात लावायचा तो फक्त शटडाउनमध्ये. काम झाल्यावर टॅपची कॅप बसली का, टॅप अर्थ झाला का, हे मीटर लावून बघा. तो अर्थ न होता तरंगता राहिला तर बुशिंगच जाईल.