दुबईत १२,००० दिरहम पगार, घर कंपनीचं नाही, सोबत बायको आणि पाच वर्षांची मुलगी: महिन्याला शिल्लक किती राहील?

तुम्ही प्रश्नातच एका दिरहमचे २३ रुपये धरून १२,००० ला २३ ने गुणून ‘म्हणजे पावणेतीन लाख झाले की’ असं लिहून मोकळे झालात. हाच गुणाकार आमच्या घरात दर गणपतीला होतो आणि तो करणारा माझा सख्खा मेहुणा आहे, त्यामुळे जरा तिखट लिहिलं जाईल. राग मानू नका. पगार दिरहममध्ये येतो, आणि भाडं, शाळा, भाजी, सगळं दिरहममध्येच जातं. रुपये करायचे ते शेवटी उरलेल्याचे.

थेट उत्तर हवं तर घ्या: तिघांचा साधा संसार धरला तर कुटुंबाचा विमा, व्हिसा आणि तिकिटं यांच्या आधी महिन्याला दोन-सव्वादोन हजार दिरहम मागे पडतात. पहिल्या वर्षी तेही नाही. पण शिल्लक नंतर बघू. आधी विमानातून उतरल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत रोख किती लागते ते बघा, कारण माणसं तिथेच कर्जात जातात.

आल्या आल्या घर घेता येत नाही, क्रम ठरलेला आहे. एन्ट्री परमिटवर आलात की मेडिकल (छातीचा एक्स-रे आणि रक्त), मग बोटांचे ठसे, मग एमिरेट्स आयडी. आयडीशिवाय बँकेत नीट खातं उघडत नाही, खात्याशिवाय चेकबुक नाही, आणि चेकबुकशिवाय बहुतेक घरमालक चावी देत नाहीत. नव्या खातेदाराला बँक सुरुवातीला चेकची मोजकीच पानं देते, म्हणून खाडाखोड करून ती वाया घालवू नका. यात काही आठवडे सहज जातात. तोवर हॉटेल अपार्टमेंट घ्या, नाहीतर करामा-बर दुबईकडे बेडस्पेस, म्हणजे सामायिक खोलीत एक खाट. एकटे या, बायको-मुलीला दोन-तीन महिन्यांनी आणा. बेडस्पेस घेताना ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याकडे मालकाची लेखी परवानगी आहे का ते विचारा. ती नसेल तर पोटभाडं बेकायदा ठरतं, आणि प्लायवूडचं पार्टिशन टाकलेली खोली असेल तर पालिका कधीही रिकामी करायला लावते.

आता घर. कुसैस, नहदा या बाजूला एक बेडरूम हॉल किचन वर्षाला ६०,००० ला मिळालं असं धरू. हा आकडा हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतलाय, बाजारात वरखाली होतो. (नहदा नावाचा भाग दुबईतही आहे आणि लागूनच शारजातही. शारजातलं भाडं कमी दिसतं म्हणून हुरळून जाऊ नका, सकाळच्या ट्रॅफिकमध्ये तो फरक वेळेच्या रूपाने वसूल होतो.) इथे भाडं वर्षाचं बोलतात आणि ते पुढच्या तारखांच्या चेकने देतात. चार चेक ठरले तर पहिला १५,००० चा लगेच वटतो. अनामत ५ टक्के, म्हणजे ३,००० (फर्निचरसकट घर असेल तर १० टक्के मागतात). एजंटचे ५ टक्के ३,००० आणि त्यावर ५ टक्के व्हॅट, म्हणजे ३,१५०. एजारीचे, म्हणजे भाडेकराराच्या सरकारी नोंदणीचे, सुमारे २२०. वीज-पाण्याच्या खात्याचं नाव इथे ‘देवा’ आहे (ऑगस्टचं बिल आलं की आपल्या तोंडून निघतं तेच). फ्लॅटसाठी त्यांची अनामत २,००० आणि जोडणीचे सुमारे १३०. बेरीज २३,५००. अजून घरात गादी नाही, फ्रिज नाही, गॅसची जोडणी नाही. म्हणजे दोन पगार गेले, आणि दुसरा पगार तर अजून हातातही आलेला नाही. भारतातून ३०,००० दिरहमची सोय करून निघा, किंवा कंपनीला सांगा की पहिला चेक ॲडव्हान्स म्हणून द्या आणि पगारातून कापा. मागितलं तर बऱ्याच कंपन्या देतात. आपण मागत नाही.

चेक लिहिण्याआधी तीन गोष्टी. मालमत्तेचं टायटल डीड (मालकीचा कागद) बघा, आणि चेक त्यावरच्या नावानेच लिहा, एजंटच्या नावाने कधीही नाही. एजंटचं रेराचं (मालमत्ता व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं) कार्ड ‘दुबई रेस्ट’ या ॲपवर पडताळता येतं. तारीख महिन्याची एक टाकू नका, सात किंवा दहा टाका. पगार दोन दिवस लांबला तरी चेक तुमच्या खात्यावर येऊन आपटणार नाही. २०२२ च्या जानेवारीपासून पैसे नाहीत म्हणून परतलेला चेक बहुतेक वेळा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, त्यावरून ‘आता काही होत नाही’ असं सांगणारे भेटतील. होतं. खात्यात असेल तेवढी रक्कम बँक देते आणि उरलेल्यासाठी परतलेला चेक थेट वसुलीच्या आदेशासारखा वापरता येतो. खातं गोठणं, प्रवासबंदी, हे सगळं त्या वाटेवर आहे. शिवाय करारात चेकमागे दंडाचं कलम असतंच.

करारावर सही करताना सगळ्यात महत्त्वाचं कलम मध्येच घर सोडण्याचं. २००७ च्या २६ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे मुदतीच्या आत एका बाजूला करार मोडता येत नाही. म्हणजे पाचव्या महिन्यात नोकरी गेली तर ‘मी जातो, उरलेले चेक परत द्या’ असा हक्क तुम्हाला आपोआप नाही. म्हणून आधीच लिहून घ्या: साठ दिवसांची सूचना आणि दोन महिन्यांचं भाडं दंड, बाकीचे चेक परत. हे कलम छापील नमुन्यात नसतं, खाली ॲडेंडममध्ये (करारासोबतच्या जोडपत्रात) घालावं लागतं. मालक नाही म्हणाला तर दुसरं घर बघा. मी यावर ठाम आहे.

यावरूनच मेहुण्याशी वाद. त्याचं म्हणणं, एकच चेक दे, मालक सूट देतो. ६०,००० चं घर एका चेकवर ५७,००० ला मिळतं समजा. हिशोब करा: चार चेकमध्ये पहिल्या दिवशी १५,००० जातात, एका चेकमध्ये ५७,०००, म्हणजे ४२,००० आधी गेले, सरासरी सहा महिने आधी. त्यावर ३,००० वाचले. वर्षाच्या दराने चौदा टक्क्यांच्या आसपास पडतं, आणि एवढं व्याज तुम्हाला कुठली बँक देत नाही. म्हणजे आकड्यात तो बरोबर आहे, आणि हे मी त्याच्यासमोर कबूल करणार नाही. पण पहिल्या वर्षी तुम्ही प्रोबेशनवर आहात. ते सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात कंपनी लेखी चौदा दिवसांच्या सूचनेवर सोडू शकते. मालकाच्या खिशात गेलेले ५७,००० बाहेर काढणं आणि न वटलेले तीन चेक परत मागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं वर्ष चार चेक. दुसऱ्या वर्षी नोकरी पक्की असेल तर खुशाल एक चेक द्या आणि सूट घ्या. त्यासाठी पर्सनल लोन मात्र काढू नका: नोकरी सुटली की शेवटचा हिशोब खात्यात जमा होतो आणि कर्ज असेल तर बँक तो अडवून ठेवते.

एजारी झाल्याशिवाय ‘देवा’ची जोडणी नाही आणि कुटुंबाचा व्हिसाही नाही, म्हणून ती त्याच आठवड्यात करा. घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं ‘दुबई रेस्ट’ ॲपवर नोंदवा. चावी घेताना व्हिडिओ काढा: भिंती, एसीच्या जाळ्या, गीझर, बाथरूमचा निचरा, किचनच्या कपाटाचा तळ. सोडताना अनामतीतून रंग आणि सफाईचे पैसे कापतात, आणि तेव्हा तो व्हिडिओच बोलतो. भाडेवाढ मनाला येईल तशी होत नाही. नव्वद दिवस आधी सूचना लागते, आणि २०१३ च्या डिक्रीप्रमाणे तुमचं भाडं त्या भागाच्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य, फार कमी असेल तरी जास्तीत जास्त २० टक्के. विक्रीसाठी किंवा स्वतः राहण्यासाठी घर रिकामं हवं असेल तर मालकाला बारा महिन्यांची सूचना द्यावी लागते, तीही नोटरीमार्फत किंवा रजिस्टर पोस्टाने; व्हॉट्सॲपवरची नाही.

महिन्याचं. भाडं ५,०००. ‘देवा’च्या बिलात हाउसिंग फी म्हणून वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के रक्कम बारा हप्त्यांत येते, इथे २५० महिना. नवीन माणूस ती हमखास विसरतो आणि मग मीटर खराब आहे म्हणून तक्रार करतो. वीज पहिल्या २,००० युनिटपर्यंत २३ फिल्स (१०० फिल्स म्हणजे एक दिरहम), वर इंधन अधिभार. वीज-पाणी सरासरी ५०० धरा. टॉवरमध्ये मध्यवर्ती शीतकरण असेल तर ‘चिलर’चं बिल वेगळं. त्यातला एक भाग वापराचा आणि एक क्षमतेचा ठरलेला. मे-जून तुम्ही रत्नागिरीत आंबे खात असलात तरी दुसरा येतो. जाहिरातीत ‘चिलर फ्री’ आहे का ते बघा, तोंडी नको, करारात. शाळा आणि बस मिळून वर्षाला १५,००० धरलं तर महिना १,२५०; भारतीय शाळांचं वर्ष इथेही एप्रिलला सुरू होतं आणि प्रत्येक शाळेची मान्य फी केएचडीएच्या (खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर असते, शाळेच्या काउंटरवर विचारण्याआधी ती वाचा. किराणा-भाजी १,८००, फोन-इंटरनेट ५५०, मेट्रो-बसचा सगळ्या झोनचा पास ३५०. एकूण ९,७००. उरले २,३००. त्यातून बायको-मुलीचा विमा, त्यांचा व्हिसा आणि वर्षाची तिकिटं. गाडी यात धरलेलीच नाही. भारतीय लायसन्स इथे सरळ बदलून मिळत नाही, आणि गाडी आली की सालिकचे टोल येतात, गर्दीच्या वेळी एका फाटकाला ६ दिरहम.

तुमच्या स्वतःच्या व्हिसाचा खर्च कायद्याने कंपनीचा आहे. ‘नंतर पगारातून कापू’ म्हणाले तर ऑफर नीट वाचा. वाचताच आहात तर बेसिक किती आहे तेही बघा. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकवर मिळते, एकूण पगारावर नाही, आणि वर्ष पूर्ण झालं नाही तर काहीच नाही. १२,००० मध्ये बेसिक ४,८०० असेल तर वर्षाला ३,३६०. ७,२०० असेल तर ५,०४०. पगार तोच, फक्त कागदावरची फोड वेगळी. एचआरशी भांडायचं तर इथे भांडा.

पुण्यात दीड लाख मिळतात म्हणालात. घर स्वतःचं असेल तर मी या ऑफरवर कुटुंब हलवणार नाही. कंपनी घर देत असेल किंवा पगार १६-१७ हजार होत असेल तर डोळे मिटून या. अर्थात बायकोला इथे नोकरी लागणार असेल तर वरचा सगळा हिशोब बदलतो. तुम्ही ते लिहिलेलं नाही.

राहिलेलं भराभर. जुन्या क्षयाचा छातीत डाग असेल तर नव्या व्हिसाला अडचण येते; राजीनामा देण्याआधी पुण्यात एक्स-रे काढा. विवाह प्रमाणपत्राला अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा एकच शिक्का) करून आणू नका, इथे चालत नाही. आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, आणि इथे आल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, याच क्रमाने. प्रमाणपत्रावर बायकोचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असं असेल तर तिकडेच जुळवून घ्या. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असेल तर व्हिजिट व्हिसावर येणाऱ्यांना विमानतळावरच अडवू शकतात, आई-वडिलांचे पासपोर्ट आत्ताच बघा. आणि सामानात खसखस नको. इथे ती अमली पदार्थांच्या यादीत आहे. अनारशावर लावलेली असते हे आठवतं, पण घरच्या गोड्या मसाल्यातही भाजून घातलेली असते हे कुणाच्या लक्षात येत नाही. आईला विचारून घ्या, आणि यंदाचा मसाला खसखशीवाचून कुटायला सांगा.