फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात: गावच्या घराच्या वायरिंगला हात कुठून घालावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मालवणजवळचं चिऱ्याचं कौलारू घर, वायरिंग 1970 च्या आसपासचं, लाकडी पट्टीवर क्लिपा मारलेलं. आई तिथं एकट्या राहतात. पाऊस लागल्यापासून फ्रीजच्या हँडलला हात लावला की त्यांना मुंग्या येतात, पायात चप्पल असली तर येत नाहीत. वायरमन म्हणाला, "पाऊस गेलो काय थांबतला." आणि तुम्हाला गणपतीच्या आधी गीझर नि एसी बसवायचाय.

एसीचं राहू दे. आत्ता आईंना फोन करा. कोरडी चप्पल घालून, मेन स्विच पाडून फ्रीजचा प्लग काढून ठेवायला सांगा. नुसतं बटन बंद करून भागणार नाही. त्या काळच्या बऱ्याच बोर्डांत बटन फेजऐवजी (करंट आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) घेतलेलं सापडतं, म्हणजे बटन बंद असतानाही आतपर्यंत फेज हजर असतो.

चप्पल घातली की मुंग्या थांबतात, याचा अर्थ करंट आईंच्या अंगातून सारवलेल्या ओल्या जमिनीत उतरतोय. वायरमनचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. जमीन वाळली की मुंग्या थांबतील. दोष मात्र तिथंच बसून राहील, पुढच्या मिरगाची वाट बघत.

माझा पहिला संशय अर्थिंगवर आहे. त्या काळच्या पट्टीवरच्या वायरिंगमध्ये बहुतेक दोनच तारा असत, फेज आणि न्यूट्रल. पुढे फ्रीज आला, तीन पिनांचा सॉकेट बसला, पण तिसऱ्या पिनेला जोडायला तार कुठून आणणार? मग काही जण ती पिन मोकळी सोडतात आणि काही जण बोर्डातल्या बोर्डात न्यूट्रलला लूप मारून देतात. हा लूप मोकळ्या पिनेपेक्षा वाईट. माझ्या आत्याकडे हेच केलं होतं. एका वादळात खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीचा न्यूट्रल तुटला. घरात एक बल्ब चालू होता. बल्बमधून आलेल्या करंटला परतीची वाट उरली नाही, तो लूपमधून फ्रीजच्या पत्र्यावर येऊन बसला. दिवे गेले म्हणून सगळे निवांत, आणि फ्रीजचं दार फेजइतकंच जिवंत! आत्याचा हात झटक्यानं मागे फेकला गेला म्हणून ती वाचली. मेन स्विचमधला फ्यूज शाबूत होता. त्याच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं.

इथं बरेच जण फसतात. "आमच्याकडे नवीन एमसीबी आहे" असं सांगतात. एमसीबी म्हणजे जादा करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच, तो वायर जळू नये म्हणून असतो. ती 16 अँपिअरची असली तर तत्काळ पडायला साधारण 80 अँपिअर तरी वाहावे लागतात, आणि माणसाच्या जिवाला अँपिअरचा दहावा भागसुद्धा पुरतो. त्यात आपला जांभा. पाइप पुरला, मीठ-कोळसा घातला, तरी मे महिन्यात कातळावर अर्थिंगचा रोध सहज 50 ओहमच्या वर जातो. हिशेब करा: 230 भागिले 50, म्हणजे साडेचार अँपिअर. फेज थेट फ्रीजच्या पत्र्याला चिकटला तरी एवढाच करंट जमिनीत जाणार, आणि 6 ची एमसीबीसुद्धा शांत बसून राहणार.

म्हणून कोकणातल्या घरात आरसीसीबीला पर्याय नाही. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ती सतत ताडून बघते, आणि फरक दिसला, म्हणजे करंट कुठंतरी गळतोय असं कळलं, की लगेच पडते. 30 मिलिअँपिअरची घ्या. 100 किंवा 300 ची आगीसाठी असते, जीव वाचवायला नाही. पुढे इन्व्हर्टर एसी येणार असेल तर ए टाइप मागा. दोन-तीन हजारांची वस्तू आहे. अर्थिंग मात्र तरीही हवंच, कारण अर्थिंग असेल तर माणसाचा हात लागायच्या आधीच ती पडते. आणि तो न्यूट्रलचा लूप शोधून तोडायचा. लूप मीटरजवळ, आरसीसीबीच्या अलीकडे असेल, तर न्यूट्रल तुटल्यावर तिलाही काही कळत नाही.

आता पुढे काय होणार तेही सांगून ठेवतो. आरसीसीबी बसवल्यावर पहिल्याच पावसात ती पडेल, पुन्हा पुन्हा पडेल. आई कंटाळतील, आणि कोणीतरी येऊन ती बायपास करून जाईल. अशी बायपास केलेली आरसीसीबी मी मोजता येणार नाही इतक्या घरांत पाहिली आहे. ती पडतेय म्हणजे घरात कुठंतरी करंट गळतोय हे ती सांगतेय. तेव्हा मेगरवाला (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र असलेला) माणूस बोलवा. 500 व्होल्टचा मेगर लावून एकेक सर्किट वेगळं तपासायचं, एक मेगाओहमच्या खाली आलं की ती लाइन बाद. टेस्टरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तुटलेला न्यूट्रल त्याला दिसतच नाही.

तुमच्याकडे पडवीतला एखादा जुना राउंड ब्लॉक (वायरी जोडलेला गोल लाकडी ठोकळा) मेन पाडून उघडून बघा. वायरीवरचं रबर बोटाच्या चिमटीत काळ्या भुग्यासारखं पडेल. गेल्या वर्षी मी एक उघडला तर आत वाळलेली पाल होती, एक पाय फेजच्या स्क्रूवर, शेपटी न्यूट्रलवर. लाकडाला तपकिरी डाग पडून कोळसा व्हायला लागला होता. वर माळ्यावर वाळलेला पेंढा!

त्यामुळे वायर बदलणं टळणार नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसणारी तार ॲल्युमिनियमची वाटते. तिला नवी तांब्याची पिळून वर टेप मारू नका, तो जॉइंट काही वर्षांत सैल होऊन तापतो. मेनला कोणीतरी 32 ची एमसीबी लावून दिलीय, ती तर आधी काढा. ती पडायच्या आत आतली वायर भाजून निघेल. चिरा फोडून पाइप आत घालायच्या फंदात पडू नका, भिंतीवरून पीव्हीसी पाइप न्या. पुढे उंदरानं कुरतडलं तर दिसतं तरी. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची, प्लगना अडीचची, गीझर-एसीला प्रत्येकी स्वतंत्र चारची वायर, आणि सगळीकडे हिरवी अर्थची तार सोबत. एसीसाठी मंजूर भार वाढवावा लागेल, त्याचा अर्ज आताच करून ठेवा. काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट मागून घ्या.

गीझरबद्दल विचाराल तर, न्हाणीघरात तांब्याचा बंब आहे ना? यंदाचे गणपती त्यावर काढा. गणपतीवरच्या माटवीला सोडायची दिव्यांची तोरणंही आरसीसीबीच्या पलीकडच्या प्लगवरूनच घ्या, आणि कपडे वाळत घालायची तार वायरीच्या आसपास किंवा पत्र्याच्या शेडला बांधलेली असेल तर आजच सोडवून नायलॉनची दोरी बांधा.

आता मला दोन फोटो हवेत: मीटरच्या खालची बाजू, आणि अर्थची तार भिंतीतून बाहेर पडून जिथं जमिनीत शिरते ती जागा. अशी जागा सापडलीच नाही, तर तसं लिहा.