परक्या मैदानावरचा वार्ताहर
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंग्लंडमधील खालच्या श्रेणीतल्या फुटबॉल लीगचे निकाल मी नेमाने पाहतो. तेथील लहान शहरांची वृत्तपत्रे आपल्या संघाच्या परक्या मैदानावरील सामन्यांसाठीही शेकडो किलोमीटर दूर वार्ताहर पाठवतात, असे वाचनात आले. निकाल, गोल करणाऱ्यांची नावे आणि आकडेवारी तर मोबाइलवर क्षणात मिळते. मग हा वार्ताहर पत्रकार कक्षात बसून नेमके काय करतो, आणि सामना संपताच त्याची बातमी तयार कशी असते?

उत्तर : प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल, कारण बातमी कशी लिहिली जाते हे कळले की वार्ताहर तेथे कशासाठी जातो याचेही बरेचसे उत्तर मिळते. तत्पूर्वी थोडी पार्श्वभूमी. प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या इंग्लिश फुटबॉल लीगच्या तीन श्रेणी येतात. प्रत्येक श्रेणीत 24 संघ असून प्रत्येक संघ हंगामात 46 सामने खेळतो आणि त्यांपैकी 23 परक्या मैदानावर होतात. म्हणजेच संघाचा अर्धा हंगाम त्याच्या बहुसंख्य चाहत्यांच्या नजरेआड घडतो. त्यातच शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत इंग्लंडमध्ये फुटबॉलचे थेट दूरचित्रवाणी प्रक्षेपण होत नाही. लहान क्लबांची प्रेक्षागारे रिकामी पडू नयेत, म्हणून घातलेला हा जुना निर्बंध आजही पाळला जातो, आणि खालच्या श्रेणीतील पुष्कळ सामने नेमके शनिवारी तीन वाजताच सुरू होतात. अंतरेही थोडीथोडकी नसतात. 2016–17 च्या हंगामात नैर्ऋत्य टोकाकडचा प्लायमथ आणि स्कॉटलंडच्या सीमेजवळचा कार्लाइल हे दोन्ही संघ लीग टूमध्ये होते, आणि या दोन शहरांतले रस्त्याचे अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक भरते.

पत्रकारांना लागणारे परवाने फुटबॉल डेटाको ही संस्था देते, आणि त्या त्या सामन्यासाठीची जागा यजमान क्लबकडे आधी मागून घ्यावी लागते. मिळणारी जागा ऐसपैस असेल, अशी अपेक्षा मात्र कोणी करू नये. मुख्य प्रेक्षागारातल्या दोन-तीन रांगा, गुडघ्यांना टेकणारी अरुंद फळी, आणि मागेपुढे यजमान संघाचे वर्षानुवर्षांचे तिकीटधारक, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याने आखलेली काही प्रेक्षागारे अजूनही वापरात आहेत. पोर्ट्समथचा साउथ स्टँड 1925 सालचा आहे, आणि हा क्लब 2013 ते 2017 या काळात चौथ्या श्रेणीत खेळत असल्यामुळे लीग टूच्या वार्ताहरांच्याही तेथे फेऱ्या झाल्या. त्या काळच्या छपरांना खांबांचा आधार असे. त्यामुळे अशा मैदानांवर एखादा गोलखांब किंवा कॉर्नरचा झेंडा खांबाआड जाणार, हे गृहीत धरूनच बसावे लागते.

सामन्याच्या साधारण तासभर आधी दोन्ही संघांची यादी हाती येते, आणि वार्ताहराचे खरे काम तेथून सुरू होते. आपल्या संघातला प्रत्येक खेळाडू तो पाठमोऱ्या चालीवरूनही ओळखतो, पण समोरच्या संघातले अकराही जण त्याला जवळपास अनोळखी असतात. म्हणून खेळाडू सरावासाठी मैदानात उतरले की तो वहीत समोरच्या संघाची मांडणी काढून घेतो आणि प्रत्येक क्रमांकापुढे एखादी खूण टिपून ठेवतो : पाच नंबर उंच, टक्कल, अकरा नंबर डावखुरा, पिवळे बूट. दूरच्या कडेला, कमी उजेडात, चिखलाने माखलेल्या पाठीवरचा क्रमांक वाचता येत नाही, तेव्हा हीच खूण उपयोगी पडते. सामना सुरू झाल्यावर वहीच्या डाव्या समासात मिनिट आणि पुढे तुटक शब्द, एवढेच लिहायला सवड असते. ‘23 – सात उजवीकडून, नऊचे डोके, बारवरून’ अशी ती नोंद असते. पूर्ण वाक्य लिहिण्यासाठी मान खाली घातली आणि तेवढ्यात गोल झाला, तर तो पुन्हा पाहायला मिळेलच असे नाही. लीग वन आणि लीग टूच्या सामन्यांत व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहून पंचांना मदत करणारी यंत्रणा, नसतो, आणि पत्रकार कक्षात पुनर्दर्शनाचा पडदा असेल याचीही खात्री नसते.

यामुळेच पत्रकार कक्षात एक गोड रिवाज रूढ झाला आहे. गोलमुखापाशी गर्दी होऊन चेंडू जाळ्यात गेला की क्षणभर सगळे एकमेकांकडे वळतात आणि शेवटचा स्पर्श कोणाचा, कॉर्नर कोणी घेतला, मिनिट कितवे, याची चौकशी सुरू होते. यजमान शहराचा वार्ताहर आपल्या खेळाडूचे नाव सांगतो, पाहुणा आपल्या, आणि शेजारचा नभोवाणी समालोचक बोलता बोलताच बोटांनी क्रमांक दाखवतो. दोघांचे वाचक वेगळे असल्यामुळे येथे माहिती दडवून कोणाचाच लाभ होत नाही.

आता बातमीच्या वेळेविषयी. पूर्वी अनेक शहरांत शनिवारी संध्याकाळी खास क्रीडापत्रे निघत. हिरव्या कागदासाठी ओळखले जाणारे शेफील्डचे ‘ग्रीन अन’ त्यांपैकीच एक. सामने पावणेपाचच्या सुमारास संपत आणि थोड्याच वेळात अंक रस्त्यावर हवा असे, त्यामुळे वार्ताहर सामना चालू असतानाच दूरध्वनीवरून मजकूर सांगत जाई. ती छापील पत्रे बहुतेक ठिकाणी बंद झाली, परंतु संकेतस्थळांनी तीच घाई पुन्हा आणली आहे. पद्धतही बहुतांशी तीच राहिली आहे. पूर्वार्धाचा वृत्तान्त मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत पूर्ण करून पाठवायचा, उत्तरार्धाचा ऐंशीव्या मिनिटाच्या आसपास, आणि शेवटची शिटी वाजताच निकाल सांगणारे पहिले दोन-तीन परिच्छेद. कार्यालयातला उपसंपादक ते मथळ्याखाली जोडतो आणि बातमी प्रसिद्ध करतो. थोडक्यात, बातमीची सुरुवात सर्वांत शेवटी लिहिली जाते. सामना एका गोलाच्या फरकाने चालला असेल तर अनुभवी वार्ताहर दोन सुरुवाती लिहून ठेवतो, एक विजयाची आणि एक बरोबरीची. 2023–24 च्या हंगामापासून इंग्लंडमध्ये वाया गेलेला वेळ अधिक काटेकोरपणे मोजला जाऊ लागल्यामुळे भरपाई वेळ लांबली, आणि तयार सुरुवात रद्दीत जाण्याची शक्यताही तितकीच वाढली. मैदानावर हजारो मोबाइल एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे ऐन वेळी इंटरनेट रुसते. मजकूर आधी लॅपटॉपवर जतन करून मग पाठवावा, हे शहाणपण बहुतेकांना पहिल्याच हंगामात येते.

या सगळ्याची कसोटी पाहणारा सामना म्हणून 8 मे 1999 रोजी कार्लाइलच्या ब्रंटन पार्कवर झालेल्या सामन्याकडे बोट दाखवता येईल. हंगामाचा शेवटचा दिवस होता. कार्लाइल जिंकला नसता तर लीगमधून बाहेर फेकला जाणार होता, आणि पाहुण्या प्लायमथला मात्र गुणतक्त्यात मिळवण्या-गमावण्यासारखे काही उरले नव्हते. बरोबरी 1–1 अशी होती. तिकडे तळाचे स्थान टाळू पाहणाऱ्या दुसऱ्या संघाचा, स्कारबरोचा, सामना संपलेला होता आणि तेथील लोक लीगमधले स्थान टिकल्याच्या आनंदात होते. भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला कार्लाइलला कॉर्नर मिळाला, स्विंडनकडून उसना घेतलेला गोलरक्षक जिमी ग्लास पुढे धावत आला, प्लायमथच्या गोलरक्षकाने हेडर अडवल्यावर सुटलेला चेंडू त्याने जाळ्यात मारला, आणि लीगमधून कार्लाइलऐवजी स्कारबरो बाहेर गेला. प्लायमथच्या वाचकांसाठी लिहिणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याच्या संघाच्या दृष्टीने निरर्थक असलेल्या सामन्याचा कंटाळवाणा वृत्तान्त एव्हाना पाठवून झालेला असणार, आणि आता इंग्लिश फुटबॉलमधला एक सर्वांत विलक्षण क्षण, तोही दुसऱ्याच संघाचा, काही मिनिटांत शब्दांत बसवायचा. माझ्या मते अशा वेळी आपल्या संघाची चौकट सोडून देऊन समोर घडले ते आधी सांगावे. आपला बचाव कोठे चुकला, हे खालच्या परिच्छेदात चालते.

एरवी मात्र त्याची नजर आपल्याच संघावर खिळलेली हवी, आणि मोबाइलवरचे आकडे जे देऊ शकत नाहीत ते येथेच मिळते. ते आकडे बहुतेक चेंडूभोवती फिरतात. वार्ताहराला चेंडूपासून दूरचे दिसते. आघाडी घेतल्यावर उजवा बचावपटू किती मागे सरकला, दुखापतीतून परतलेला मध्यफळीतला खेळाडू साठाव्या मिनिटानंतर मांडी दाबत होता काय, बदली म्हणून बोलावलेल्या खेळाडूला साहाय्यक प्रशिक्षक कागदावर नेमके काय दाखवत होता, या गोष्टी पुढच्या दोन-तीन आठवड्यांच्या निकालांचा अर्थ लावतात. सामन्यानंतर मॅनेजरशी गाठ पडते ती अनेकदा खेळाडूंच्या ये-जा करण्याच्या बोगद्याजवळच्या अरुंद वाटेत, आणि पाहुण्या संघाची बस निघायच्या बेतात असते. अशा वेळी ‘कसे वाटते आहे’ हा प्रश्न म्हणजे हाती आलेली संधी दवडणे होय. अमुक मिनिटाला तीन बचावपटूंची मांडणी का सोडली, असे विचारले तर रागावलेला मॅनेजरही बहुधा काहीतरी कामाचे बोलतो.

प्रश्न : आपल्या संघाने गोल केल्यावर हा वार्ताहर जल्लोष करू शकतो काय? आणि एकाच संघासाठी लिहिणारा वार्ताहर निःपक्षपाती कसा म्हणावा?

उत्तर : जल्लोष करू नये, असा पत्रकार कक्षाचा अलिखित पण कडक नियम आहे, आणि परक्या मैदानावर तो पाळण्याला व्यावहारिक कारणही आहे, कारण आजूबाजूला यजमानांचेच लोक बसलेले असतात. दुसऱ्या प्रश्नाबाबत एवढेच म्हणता येईल की कोणाकडे पाहायचे हे त्याच्या वाचकांनी ठरवलेले असते, पण काय दिसले हे त्याने कोणाच्याही मर्जीसाठी बदलू नये. पेनल्टी आपल्याला फुकटची मिळाली असेल तर तसे लिहावे. स्थानिक वृत्तपत्रे प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतात. त्यांत वाईट सामन्यानंतरही सरसकट सहा गुण वाटणारा वार्ताहर मला भित्रा वाटतो. मंगळवारी सरावाच्या ठिकाणी त्याच खेळाडूंसमोर उभे राहायचे असते हे खरे, परंतु तीनशे किलोमीटर जाऊन रडवेले होऊन परतलेल्या चाहत्यांनीही तोच सामना पाहिलेला असतो.

प्रश्न : यजमान क्लबने प्रवेशच नाकारला तर?

उत्तर : तसे घडलेले आहे. ऑगस्ट 2010 मध्ये तेव्हा लीग वनमध्ये असलेल्या साउदॅम्प्टनने बाहेरच्या छायाचित्रकारांना मैदानात येण्यास मनाई केली आणि छायाचित्रे एकाच ठरावीक संस्थेकडून घ्यावीत, असे सर्वांना कळवले. पहिल्याच घरच्या सामन्यात पाहुणा होता प्लायमथ. तेथील ‘द हेरल्ड’ या वृत्तपत्राने ती छायाचित्रे घेण्यास नकार दिला आणि सामन्यातले प्रसंग एका स्थानिक व्यंगचित्रकाराकडून काढून घेऊन छापले. प्लायमथने तो सामना 1–0 असा जिंकला असल्यामुळे प्लायमथच्या वाचकांना त्या चित्रांचे अप्रूप अधिकच वाटले असणार. मजकुरापुरते पाहिले, तर अशी बंदी आल्यावर तिकीट काढून प्रेक्षकांत बसून लिहिण्याचा मार्ग उरतो. तेथे टेबल नसते, संघांची यादी हाती मिळत नाही आणि मॅनेजरची गाठही पडत नाही; शिवाय लीग वन आणि लीग टूमधल्या काही मैदानांवर पाहुण्या चाहत्यांचा विभाग उभ्या प्रेक्षकांसाठीचा असतो, म्हणजे लॅपटॉप उघडण्याचाही प्रश्न येत नाही. वही आणि समासातली मिनिटे मात्र तेथेही चालतात.