मूल दत्तक देणाऱ्या आईचा राग येतो. तिच्याबद्दल करुणा कशी वाटेल?

तुम्ही लिहिलंय की काही दिवसांत बाळ घरी येणार आहे, पण जिने ते दिलं तिचा विचार आला की डोकं फिरतं, 'पोटचं लेकरू असं कसं देववतं?' दत्तक मुलीची आई होऊन मला नऊ वर्षं झाली. हेच वाक्य माझ्या तोंडूनही निघालेलं आहे, म्हणून लिहितेय.

मुलीला आणायला संस्थेत गेलो त्या दिवशी तिथे तिचं सगळं करणाऱ्या ताईंनी कपडे आणि लसीकरणाचं कार्ड हातात दिलं आणि सहज बोलून गेल्या, "आई येऊन गेली हो एकदा. मुदत संपायला दोनच दिवस होते." मूल बालकल्याण समितीसमोर स्वाधीन केल्यावर विचार बदलायला आईला आपल्याकडे दोन महिने मिळतात, ती मुदत. फाटकातच उभी होती म्हणे. "नीट झोपते का?" एवढंच विचारलं. आत या म्हटलं तर नको म्हणाली आणि गेली.

मला तेव्हा काय वाटलं? सुटलो. नशीब, आत नाही आली. गाडीत बसल्यावर नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "दारापर्यंत येऊन परत गेली, काय काळीज असेल!" दगडाचं, या अर्थाने. पुढे कितीतरी वर्षं नातेवाइकांत ही गोष्ट मी अशीच सांगितली, आणि सांगताना मला जरा बरंही वाटायचं.

मागच्या वर्षी मुलीने विचारलं, "तिने मला टाकलं का?"

'टाकलं' हा शब्द आमच्या घरात नाही अशी माझी समजूत होती. तो माझ्या आईचा. "तिने टाकलं म्हणून तुला मिळालं" असं ती मुलीसमोर कौतुकाने म्हणायची आणि मी मान डोलवायचे. त्या रात्री आईशी कडाक्याचं भांडण झालं. पुन्हा हा शब्द नको, म्हटलं. ती म्हणाली, "मग काय, तिची पूजा करू?" मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतंय.

पूजा नकोच. 'केवढा त्याग!' म्हणणाऱ्यांचाही मला वीट आलाय. त्याग म्हणून हात जोडले की पुढचं विचारायला नको: हातात पैसा होता का, घरचे काय म्हणाले, बाप कुठे होता. बाप! तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात तो एकदाही आलेला नाही, बघा. राग सगळा तिच्या एकटीच्या वाट्याला.

माझ्या आईचं दुसरं म्हणणं, "विसरली असेल एव्हाना." मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि राहतात. 1996 साली छापून आलेल्या एका संशोधनात मुलगा जन्मल्यानंतर 27 वर्षांनीही त्याच्या पेशी आईच्या रक्तात सापडल्या होत्या. हे मला कधीपासून माहीत होतं, त्या बाईला लावून मात्र कधी बघितलं नव्हतं. आणि बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, बाळ जवळ असो नसो. त्या दिवसांत ती कुठे होती, छाती दुखते म्हणून कुणाला सांगता तरी आलं का तिला?

"सही तर स्वखुशीने केली ना?" हे तिसरं. बाळंतिणीच्या सहीवर कायद्याचाच भरवसा नाही, म्हणून तर आपल्याकडे ते दोन महिने आहेत. ब्रिटनमध्ये जन्मानंतर पहिल्या 6 आठवड्यांत आईने दिलेली संमती धरतच नाहीत. उलट अमेरिकेतल्या काही राज्यांत दोन-तीन दिवसांत सही घेतात आणि ती सहसा फिरवता येत नाही. ऑस्ट्रेलियात तर लग्नाआधी आई झालेल्या मुलींकडून दबावाने, फसवून बाळं घेतली गेली. 21 मार्च 2013 ला पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी देशाच्या वतीने त्या आयांची माफी मागितली. कागदोपत्री त्यांतल्याही कित्येकींची संमतीच होती. आई, ऐकतेस का?

असो. आई हे वाचणार नाही.

हे मी मूल रीतसर स्वाधीन करणाऱ्यांबद्दल बोलतेय. जी मुलं कुठेतरी सोडलेली सापडतात, त्यांच्यामागची गोष्ट मला ठाऊक नाही, तिथे मी गप्प बसते. शिवाय उद्या तुमच्या मुलालाच तिचा राग आला तर तो त्याचा आहे, त्याला करुणेचे धडे देत बसू नका. माझी लेक कधी रागावते, कधी 'ती दिसायला कशी होती?' म्हणते.

करुणा कशी येते ते मला नेमकं सांगता येणार नाही. पण बाळ आणायला जाल तेव्हा एक करा. नाव-गाव सांगणार नाहीत, ते मागूही नका. पण तिची काही आठवण, काही बोलणं कुणाच्या लक्षात आहे का, हे विचारा आणि त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवा. ती फाटकात किती वेळ उभी होती, एकटीच होती का, हे मी विचारलंच नाही, घरी निघायची घाई होती. मागच्या वर्षी फोन केला, तर त्या ताई काम सोडून गेल्या होत्या.