छोट्या छेदाचा आग्रह धरावा का?

प्रश्न : आईचं वय ६४, उंची १५२ सेंमी, वजन ८६ किलो. दोन्ही पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेत, पूर्ण सरळ होत नाहीत. एक डॉक्टर म्हणतात, छोट्या छेदातून सांधा बदलू, लवकर चालतील. दुसरे नेहमीच्या पद्धतीवर ठाम आहेत. कुणाचं ऐकावं?

उत्तर : दुसऱ्यांचं. आईंचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३७, म्हणजे खूपच जास्त येतो आणि पायाला बाकही आहे. अशा गुडघ्याला छोटा छेद मानवत नाही.

नेहमीचा छेद साधारण २० ते २५ सेंमीचा, छोटा १० ते १४. आत बसणारा सांधा तोच. खरा फरक कातडीखाली आहे : छोट्या छेदात मांडीचा पुढचा स्नायू कमीत कमी कापायचा आणि गुडघ्याची वाटी उलटी न करता नुसती बाजूला सरकवायची. त्यामुळे पहिले काही आठवडे दुखणं कमी राहू शकतं. वर्षभराने मात्र दोन्ही पद्धतींच्या गुडघ्यांत फारसा फरक उरत नाही.

उलट, छोट्या छेदातून सर्जनला आतलं कमी दिसतं. चरबी जाड असली की कातडी ताणून धरावी लागते, मग जखमेच्या कडा काळ्या पडतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हाडाचा काप काही अंश तिरका गेला तर सगळा भार एका बाजूवर येतो, नव्या सांध्यातलं प्लास्टिक लवकर झिजतं, सांधा सैल होतो. सांधा हाडाला चिकटवायच्या सिमेंटचा कण मागच्या बाजूला राहून जातो. सगळ्यांत वाईट म्हणजे वाटीखालचा कंडरा (वाटीला नडगीशी जोडणारा चिवट पट्टा) नडगीच्या हाडावरून सुटणं. ते दुरुस्त करणं फार अवघड.

ही पद्धत कुणाला चालते? वजन आटोक्यात, बाक १०-१५ अंशांच्या आत, गुडघा ९० अंशांच्या पुढे सहज वाकतो, सरळ होण्यात १० अंशांहून जास्त कमी पडत नाही आणि त्यावर आधी मोठी शस्त्रक्रिया झालेली नाही, अशांना. आमवात किंवा ठिसूळ हाडं असतील तर टाळलेलं बरं.

हात बसायलाही वेळ लागतो. सांधेबदलात मुरलेल्या सर्जनच्याही या पद्धतीच्या पहिल्या काही डझन शस्त्रक्रिया लांबतात, चुकाही तेव्हाच जास्त होतात. म्हणून थेट विचारा : गेल्या वर्षी या पद्धतीने किती केल्या? किती जणांचा छेद मध्येच वाढवावा लागला? ‘गरज पडली तर वाढवीन’ म्हणणारा सर्जन भरवशाचा. ‘एकदाही वाढवला नाही’ हे ऐकलं तर मी दुसरं मत घेईन.

खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून काढलेला एक्स-रे झाला नसेल तर आधी तो काढा. बाक किती अंशांचा, ते त्यावरच नीट मोजता येतं.